जुनी ‘जनता’ घेताना

मुंबईच्या चोर बाजारात एचएमटीचं ‘जनता’ मनगटी घड्याळ केशरी किंवा मोरपंखी तबकडीत चकाकताना दिसलं, की मी पुढे सरकतो. रंग ताजा, अक्षरं फुगलेली, म्हणजे तबकडी नव्यानं रंगवलेली. त्यापेक्षा पिवळट पडलेली मूळ तबकडी केव्हाही मोलाची. काचेवरच्या ओरखड्यांना घाबरू नका. ती प्लॅस्टिकची असते, घासून उजळते. घाबरायचं ते गंजाला. म्हणून मागचं झाकण उघडायला लावाच. दुकानदार कुरकुरला तर घड्याळ खाली ठेवा. आत जपानच्या सिटिझनच्या धर्तीचं, १७ ज्वेलचं, हातानं चावी द्यायचं यंत्र हवं. चावी द्या, घड्याळ कानाला लावा, टिकटिक एकसुरी आहे का ऐका. पट्ट्याचे पैसे मात्र देऊ नका, तो बदलायचाच असतो.