गाठ मुळांशी आहे!

वाचकहो, दिवाळी अंकात कोणी लक्ष्मीवर लिहितो, कोणी फराळावर. मी यंदा मुळांवर लिहिणार आहे, आणि तीही कॉफीच्या झाडाच्या. चकलीबरोबर कॉफी घेणाऱ्या घरांनी माझे एवढे ऐकून घ्यावे.

झाले असे की, वसुबारसेला आमचे दादा गावाहून आले. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. वडील गेले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. त्यांनी शाळा सोडली, नांगर धरला आणि मला कॉलेजात धाडले. आज मी कचेरीत साहेब आहे आणि दादा वांगी-टोमॅटो पिकवतात.

त्या दिवशी कचेरीतली दोन माणसे घरी आली होती. हिने कॉफी आणली. "शुद्ध अरेबिका बरं का! रोबस्टाचा कणही नाही," मी ऐटीत सांगितले. दादांनी ती बशीत ओतली आणि असा भुरका मारला की पाहुण्यांनी वळून पाहिले. मी हळूच म्हणालो, "दादा, कपानंच घ्या ना." दादा काही बोलले नाहीत. बशी खाली ठेवून गॅलरीत गेले.

गॅलरीत माझा कुंडीतला टोमॅटो महिनाभर मान टाकून उभा होता. पाणी झाले, खत झाले, औषध फवारून झाले. दादांनी तो सरळ उपटला आणि माती झटकली. मुळांवर जपमाळेसारख्या गाठी!

"पानांकडं काय बघत बसलास? गाठ मुळांशी आहे," दादा म्हणाले. "सूत्रकृमी लागलेत. या मातीत आता टोमॅटो नको, वांगं नको. झेंडू लाव."

झेंडूच्या मुळांतली द्रव्ये या कृमींना मानवत नाहीत, हे मला तेव्हा कळले. दारावरच्या तोरणाकडे मी जरा आदराने पाहिले.

रात्री झोप येईना. पुस्तके काढून बसलो, तो काय! माझ्या लाडक्या अरेबिकाचे दुखणेही हेच निघाले. १८७८ साली जोबेर नावाच्या फ्रेंच पंडिताने ब्राझीलमधल्या कॉफीच्या मुळांवरील गाठींची नोंद केली. पुढे एमिल गेल्डी या स्विस शास्त्रज्ञाने रिओ प्रांतातले वठलेले मळे तपासले आणि त्या कृमीला 'मेलॉयडोगायनी' असे नाव दिले. अर्थ काय, तर सफरचंदासारखी मादी! ("नाव ठेवणारा पुरुषच असणार," असे हिचे मत पडले.)

ही बया मोठी चतुर. पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. ते मुळात शिरते, आतल्या पेशींना सुईसारखे तोंड टोचते आणि आपली लाळ सोडते. त्या पेशी फुगून राक्षसी होतात आणि पाहुण्याला जेवण पुरवीत बसतात. झाड उपाशी, पाहुणा तुडुंब. मादी जागची हलत नाही आणि शेकडो अंडी घालते. टोमॅटोचे पीक एका हंगामाचे, पुढच्या खेपेला बदलता येते. कॉफीचे झाड वीस-पंचवीस वर्षे एकाच जागी उभे. ब्राझीलच्या पाराना आणि साओ पावलो भागांत कित्येकांना या कृमींपायी कॉफीच सोडावी लागली.

अरेबिकाला यातून वाचवले कोणी? त्याच रोबस्टाने, ज्याच्या कणालाही मी घरात येऊ देत नव्हतो! तिमोर बेटावर १९२० च्या दशकात अरेबिका आणि रोबस्टा यांचा आपोआप झालेला संकर सापडला. त्याच्या वंशातून अरेबिकात एक जनुक आले. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला 'मेक्स-१' असे नाव दिले. ज्या मुळात ते असते, तिथे कृमी तोंड लावताच आजूबाजूच्या पेशी स्वतः मरून जातात. ताटच नाही, मग पाहुणा जेवणार कशावर?

पण हे कुलूप सगळ्या चोरांना लागू पडत नाही. १९९६ साली पारानातल्या एका कृमीची वेगळी जात म्हणून नोंद झाली. तिच्यापुढे 'मेक्स-१' चे काही चालत नाही. तिथे जुनी युक्ती कामी येते, ती कलमाची. ब्राझीलच्या कांपिनास येथील कृषिसंस्थेने 'अपोआता' नावाचा रोबस्टाचा खुंट निवडला. रोप बोटभर असतानाच खाली रोबस्टाचे मूळ आणि वर अरेबिकाचा शेंडा बांधायचा. कृमींशी झुंज खालच्याने द्यायची, फळे वरच्याने धरायची. बाजारात नाव होते ते वरच्याचे.

इथे मी पुस्तक मिटले. वरचा कोण आणि खालचा कोण, हे मला कोणी समजावून सांगायला नको होते. कॉलेजच्या फीचे पैसे कुठल्या मातीतून येत होते ते मला ठाऊक होते, आणि त्या मातीत कोण उभे होते तेही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी स्वतः कॉफी केली. रोबस्टा मिसळलेली पूड मुद्दाम आणली होती. दादांसमोर बसलो, कप बशीत उपडा केला आणि चांगला मोठा भुरका मारला. ही दारातून पाहतच राहिली.

दादांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग त्यांनीही बशी उचलली.

"आज कॉफीला दम आहे," ते म्हणाले.

"मुळाचा गुण आहे, दादा," मी म्हणालो.

त्यांना ते कळले की नाही कोण जाणे. बशी रिकामी करून ते उठले आणि गॅलरीतल्या कुंडीत झेंडूचे बी टाकायला गेले.