रुळणें म्हणजे काय?

एका सत्रापुरता परदेशीं शिकावयास गेलेला विद्यार्थी परत आला, कीं आपण त्यास पहिला प्रश्न विचारतों, "तेथें रुळलास ना?" तोहि बहुधा मान डोलावतो. खोली मिळाली, डाळ-तांदळाचें दुकान सांपडलें, चार मराठी मुलें भेटलीं, शनिवारीं एकत्र स्वयंपाक झाला; रुळण्याची त्याची आणि आपली व्याख्या येथें पुरी होते. या व्याख्येस आमचा स्पष्ट विरोध आहे. हें रुळणें नव्हे. हें परदेशीं जाऊन घरींच राहणें होय.

जर्मनीचें उदाहरण घ्या. तेथील बहुतेक विद्यापीठांत हिवाळी सत्र १ ऑक्टोबरपासून ३१ मार्चपर्यंत. व्याख्यानें मात्र ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच, आणि त्यांतहि नाताळची सुट्टी. पूर्ण सत्राचे ३० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागें २५ ते ३० तासांचें काम, म्हणजे एकूण ७५० ते ९०० तास झाले. व्याख्यानांचे आठवड्यास वीस तास धरले तरी सत्रांत त्यांची बेरीज तीनशेंच्या पुढें जात नाहीं. उरलेले साडेचारशें ते सहाशें तास ग्रंथालयांत, निबंधांत आणि चर्चेच्या तयारींत एकट्यानें घालवावयाचे असतात. आमच्या विद्यार्थ्यास हेच तास मोकळे वाटतात. वेळापत्रकांत जें छापलेलें नाहीं तें शिक्षण नव्हे, ही समजूत तो येथून बरोबर नेतो, आणि सहा महिन्यांनीं तशीच परत आणतो.

वर्गाबाहेरहि तोच प्रकार. नव्या घरीं गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरकचेरींत पत्ता नोंदवावा लागतो. तेथें अनुभवी देशबंधूस पुढें करून हा मागें उभा राहतो. अर्धा तास वांचतो खरा; पण परक्या माणसाशीं परक्या भाषेंत बोलण्याची पहिली संधि गेली, ती गेलीच.

कोणी म्हणेल, "शिक्षणक्रम इंग्रजींत असतां जर्मन कशाला? सहा महिन्यांत ती येणार तरी किती?" पंडित होण्याइतकी येणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण चार वाक्यें चुकत बोलावीं, समोरच्यानें हंसून सुधारावीं, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा बोलावयास जावें, ही सवय ज्या वर्गांत लागते, त्याची फी आपण आधींच भरलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डिसेंबरांत चार-साडेचारालाच अंधार पडतो. रविवारीं दुकानें बंद. अशा वेळीं आपल्या माणसांचा आधार नको काय? हवा, अवश्य हवा. आजारांत मायबोली बोलणारा शेजारी देवासारखा वाटतो. परंतु आधार काठीसारखा असावा, पालखीसारखा नसावा.

अशानें मुलें आपलेपण गमावतील, ही भीतिहि व्यर्थ आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्यें अमेरिकेस गेल्या, न्यू जर्सींत कार्पेंटर कुटुंबांत राहिल्या, आणि १८८६ मध्यें फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. परक्या घरांत राहूनहि त्यांनीं शाकाहार आणि साडी सोडली नाहीं. त्यांस जे हाल सोसावे लागले त्यांचा गौरव करण्याचा आमचा हेतु नाहीं. परक्यांत मिसळणें आणि स्वतःस विसरणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, एवढेंच त्यांच्या चरित्रावरून दिसतें.

दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाहीं. पाहुण्या विद्यार्थ्यांस निराळ्या वसतिगृहांत ठेवणारीं तेथील विद्यापीठें, परतल्यावर केवळ गुणपत्रिका पाहणारीं येथील महाविद्यालयें, आणि "आपल्याच मुलांत राहा" असें बजावून कर्जाच्या पैशानें मुलास धाडणारे पालक, हे सारे त्याचे भागीदार आहेत. सहा महिन्यांच्या सुखरूप मुक्कामासाठीं हें कर्ज काढावयाचें असेल, तर तें काढूं नये.

यापुढें परतलेल्या मुलास प्रश्नच वेगळे विचारावेत. तेथील कोणाच्या घरीं जेवलास? कोणी न सांगतां कोणता ग्रंथ वाचलास? कोणाशीं वाद घातलास आणि हरलास? यांचीं उत्तरें ज्यास देतां येतील, तोच तेथें रुळला.