हिरवळीचे पाणी कोण भरणार?

पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, यवत, चौफुला मागे पडले की आमचे वरवंड लागते. दोन्ही बाजूंना ऊस, अधूनमधून ढाबे आणि आता जिकडेतिकडे प्लॉटचे फलक. पूर्वी जमीन विकणारा ‘रोडटच आहे, कॅनॉलचे पाणी आहे’ एवढे सांगून मोकळा व्हायचा. अलीकडे निवृत्तांसाठीच्या वसाहतींची गुळगुळीत माहितीपत्रके हातात पडतात आणि त्यांच्या पहिल्याच पानावर पांढरी टोपी घातलेले एक आजोबा गोल्फ खेळत असतात.

अशी तीन पत्रके घेऊन माझा एक मित्र आला होता. बँकेतून निवृत्त झालेला. विटीदांडू सोडला तर दुसरा कुठला दांडा त्याने आयुष्यात हाती धरलेला नाही. पण त्याचे बोट सारखे त्या हिरव्या चित्राकडेच जात होते. मी हसलो नाही. चाळीस वर्षे खिडकीतून समोरची भिंत पाहिलेल्या माणसाला हिरवळ हवीशी वाटली तर त्यात नवल काय?

गोल्फ हा श्रीमंतांचा चोचला म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. अठरा होल पायी खेळले की सहा-सात किलोमीटरची चाल सहज होते. गुडघ्यांना धसका नाही, सोबतीला चार माणसे. निवृत्त लष्करी अधिकारी सत्तरीतही ताठ चालताना दिसतात त्यामागे हेही एक कारण असावे. प्रश्न खेळाचा नाही, त्याचे बिल कोणाच्या नावावर फाडले जाते याचा आहे.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे हिरवे काही दिसले की मी आधी पाण्याचा हिशोब मांडतो. दौंड तालुका पर्जन्यछायेतला. आमचा व्हिक्टोरिया तलावसुद्धा खडकवासल्याच्या कालव्याचे आवर्तन आले तर भरतो. आवर्तन लांबले की शेतकऱ्यांची झोप उडते. उन्हाळ्यात हिरवळ जगवायची तर दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरावेच लागेल, म्हणजे हेक्टरी पन्नास हजार लिटर. नऊ होलांचे लहानसे मैदान घेतले आणि त्यातले पंधरा हेक्टरच भिजवायचे ठरवले, तरी रोजचे साडेसात लाख लिटर झाले. ग्रामीण भागात माणशी ५५ लिटरचे माप धरतात. त्या मापाने हे साडेतेरा हजार माणसांचे पाणी आहे.

यावर विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते : ‘काका, आम्ही सांडपाणी शुद्ध करून वापरतो.’ चांगली गोष्ट आहे, पण तोही हिशोब करून पाहा. तीनशे घरे, घरात दोघे, माणशी १३५ लिटर. त्यातले ऐंशी टक्के परत मिळाले तरी पासष्ट हजार लिटरच होतात. त्यात दीड हेक्टरसुद्धा भिजत नाही. उरलेले पाणी बोअरचे किंवा टँकरचे. ते आटले की हिरवळ पिवळी पडते, नाही आटले तर शेजारच्या विहिरी आटतात. दोन्ही वेळा टँकरचा आकडा मुकाट्याने ‘देखभाल खर्च’ या सदरात जाऊन बसतो, आणि तो न खेळणारेही भरतात.

आता तुमच्या उत्पन्नाकडे पाहा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ साली तीस लाख झाली. पूर्ण तीस लाख ठेवले आणि व्याज ८.२ टक्के धरले, तर महिन्याला साडेवीस हजार पडतात. आज देखभाल खर्च बारा हजार आहे आणि तो दरसाल आठ टक्क्यांनी वाढतो असे समजा. सातव्या वर्षअखेर तो तुमचे सगळे व्याज गिळून बसतो. शिवाय सोसायटीची वार्षिक उलाढाल वीस लाखांवर आणि माणशी वर्गणी महिना साडेसात हजारांवर गेली की अठरा टक्के जीएसटी लागतो, तो वेगळाच.

म्हणून गोल्फचे नाव निघाले की काही गोष्टी लेखी मागाव्यात. मैदानाची जमीन सोसायटीच्या नावावर होणार की विकासकाकडेच राहणार? त्याच्याकडे राहिली, तर उद्या तिथे इमारत उठणार नाही याची हमी काय? सभासदत्व घरासोबत मिळते की वेगळे पैसे भरून? नवऱ्यामागे बायकोला ते राहते का? (हा प्रश्न विचारला की विक्रेते हमखास दुसऱ्या पानाकडे वळतात.) घर विकले तर नव्या मालकाला ते मिळते का?

आपल्याच जिल्ह्यातले लवासा आठवावे. केवढे देखणे स्वप्न होते ते! ज्येष्ठांसाठीची वसाहतही तिथे उभी राहिली. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण खात्याने काम थांबवायला लावले आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सत्तरीच्या माणसाने आठ वर्षे कशाची वाट पाहायची?

माझे मत स्पष्ट आहे. ज्याला खरोखर खेळायचे आहे त्याने चालू मैदानाजवळ राहावे. पुण्यात येरवड्याला अठरा होलांचे जुने मैदान आहे. त्या बाजूला वर्षभर भाड्याने राहून पाहावे, पाहुणा म्हणून जिथे खेळू देतील तिथे खेळावे, आणि मग घर घ्यायचे की नाही ते ठरवावे. ज्याला नुसते चालायचे आहे त्याला सावलीचा सपाट रस्ता पुरतो. महारेराने २०२४ साली निवृत्तांच्या घरांसाठी नियम केले. त्यात लिफ्ट, चाकाच्या खुर्चीला पुरेसे रुंद दरवाजे, हाताला कठडे, न घसरणारी फरशी अशा गोष्टी आहेत. करारनाम्यात आधी त्या शोधाव्यात.

आणि जागा पाहायला जायचेच असेल तर श्रावणात जाऊ नका. श्रावणात आमचे माळसुद्धा गोल्फचे मैदान दिसतात. मे महिन्यात भर दुपारी जा. फाटकातून टँकर किती आत जातात ते पाहा, आणि रात्री दोन वाजता रुग्णवाहिका बोलावली तर ती किती वेळात येते, हे विक्रेत्याला नको, पहारेकऱ्याला विचारा.