निवृत्तीनंतर कॉलेजच्या गावी राहायला जावे का?



साठी जवळ आली की आपल्या घरात एकच विषय निघतो. फंडाचे, ग्रॅच्युइटीचे पैसे येतील, क्वार्टर सोडावे लागेल, मग राहायचे कुठे? गावी जावे तर तिथले घर पडलेले, जमिनीचा तुकडा भावकीच्या ताब्यात, आणि ज्या कारणाने गाव सोडले ते कारण अजून वेशीतच बसलेले. मुंबईत राहावे तर एका खोलीत मुलगा, सून, नातवंडे. अशा वेळी मराठवाड्यातून मुंबई-कल्याणला पोट भरायला आलेल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांच्या तोंडी तिसरे नाव येते, ते औरंगाबादचे. 2023 पासून सरकारी कागदावर ते छत्रपती संभाजीनगर झाले आहे. आपल्या माणसांना मात्र ते मिलिंदचे गाव म्हणूनच ठाऊक. तेव्हा या बेताचा आज जरा खोलात विचार करू.

निजामी राजवट 1948 साली संपली तेव्हा मराठवाड्यातल्या मुलाला वरचे शिक्षण घ्यायचे तर हैदराबादची वाट धरावी लागे. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत 1950 साली इथे कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. 1958 साली विद्यापीठ आले, आणि सोळा वर्षांच्या लढ्यानंतर 14 जानेवारी 1994 रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव लागले. नागसेनवनाच्या भोवती बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, भीमनगर-भावसिंगपुरा अशी वस्ती आहे. इथल्या कोणत्याही गल्लीत सकाळी सायकलवर पुस्तके बांधून निघालेली पोरे दिसतात. ज्या माणसाने चाळीस वर्षे पाळी केली, दुसऱ्याच्या भोंग्यावर जेवला आणि झोपला, त्याला हे पाहून बरे वाटते यात नवल नाही.

पण नुसते बरे वाटण्यावर संसार चालत नाही. पैशाचे बोलू.

कॉलेजच्या गावात खोलीला भाडेकरू मिळतो. दोन खोल्या स्वतःला आणि एक खोली दोन विद्यार्थ्यांना दिली तर दरमहा चार पैसे हातात पडतात. कारखान्यातल्या माणसाचे ईपीएस-95 चे पेन्शन किती असते ते आपणांस ठाऊक आहे; 2014 साली त्याची किमान रक्कम ठरली ती महिना हजार रुपये. तेव्हा भाड्याचा आधार मोठा. मात्र वर्षाचे हिशेब बारा महिन्यांचे धरू नका. परीक्षा संपल्या की पोरे गावी जातात आणि नवे प्रवेश होईपर्यंत खोली रिकामी राहते. एखादा पोरगा शिष्यवृत्ती आली नाही म्हणून दोन-तीन महिने भाडे थकवतो. त्याला घराबाहेर काढायला आपले मन होत नाही, आणि होऊही नये. म्हणून हे उत्पन्न दहा महिन्यांचेच धरावे, तेही जरा कमी करून.

डबे लावण्याचे कामही इथे चालते. पण साठीच्या बाईने रोज वीस डबे करायचे म्हणजे ती निवृत्त कधी झाली? हा प्रश्न घरातल्या पुरुषांनी आधी स्वतःला विचारावा.

दवाखान्याची बाजू त्यातल्या त्यात चांगली आहे. 1956 सालचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय, ज्याला सगळे घाटी म्हणतात, नागसेनवनापासून लांब नाही. 2012 साली सरकारी कर्करोग रुग्णालयही झाले. आजूबाजूच्या अनेक जिल्ह्यांचे रोगी घाटीत येतात, त्यामुळे रांग लांब असते. पण रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर तालुक्याच्या गावात जे मिळत नाही ते इथे मिळते. कामगार विम्यातल्या बंधूंनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निवृत्तीपूर्वी किमान पाच वर्षे विमेदार असाल तर वर्षाला 120 रुपये भरून पतीपत्नी दोघांना औषधोपचार चालू ठेवता येतात, आणि या शहरात कामगार विम्याचे रुग्णालय आहे. पुष्कळजण हे न भरताच घरी जातात. रेल्वेवाल्यांनी मात्र सांभाळून असावे. भायखळ्यासारखे रेल्वेचे मोठे रुग्णालय इथे मिळणार नाही.

आता दुसरी बाजू. पहिली गोष्ट पाण्याची. पैठणचे जायकवाडी धरण जेमतेम पन्नास किलोमीटरवर, आणि शहराला मात्र वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी. नवी योजना हाती घेतली आहे, पण तिच्या भरवशावर घर घेऊ नये. ज्या गल्लीत घर पाहता त्या गल्लीतल्या बायांना विचारावे की नळ किती दिवसांनी येतो आणि उन्हाळ्यात टँकरला काय पडते. दलालाला विचारून उपयोग नाही. उन्हाळाही कडक आहे, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याच्या घरात दुपार काढणे म्हाताऱ्या माणसाला जड जाते.

दुसरी गोष्ट जागेची, आणि आपल्या माणसांचे पैसे इथेच बुडतात. विद्यापीठाजवळ जागा महाग. मग दलाल आठ-दहा किलोमीटर लांब नेऊन वीस बाय तीसचा प्लॉट दाखवतो. शेतजमिनीचे असे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकण्याला गुंठेवारी म्हणतात. या शहराच्या कितीतरी वसाहती अशाच वसल्या आहेत. 2001 साली त्या नियमित करण्याचा कायदा झाला आणि 2021 मध्ये मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना त्यात घेतले. त्यानंतरचे त्यात येत नाही. तरी शंभर रुपयांच्या बाँडवर, नोटरीचा शिक्का मारून, प्लॉट विकले जातातच. असा बाँड म्हणजे मालकी नव्हे. सातबारा कुणाच्या नावे आहे, जमीन अकृषिक झाली आहे का, गुंठेवारीचे प्रमाणपत्र आहे का, हे पाहून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदलेले खरेदीखतच घ्यावे. ओळखीचा माणूस आहे, आपल्याच समाजाचा आहे, एवढ्यावर आयुष्याची पुंजी देऊ नये. आणि दहा किलोमीटर लांब माळावर राहून ग्रंथालयाचा, घाटीचा, भाडेकरूचा काय लाभ? तिथे कॉलेजचे गाव नावालाच उरते.

घर घेताना आणखी एक. राहते घर एकट्या बाईच्या नावे घेतले तर 1 एप्रिल 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. सूट लहान असली तरी कारण मोठे आहे. नवऱ्याच्या मागे त्याचे पेन्शन निम्म्यावर येते, तेव्हा बाईच्या हाती राहते ते हे घरच.

बाईचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो. हा बेत बहुधा पुरुषाचा असतो. त्याच्या मनात तरुणपणी न मिळालेले कॉलेज असते, व्याख्याने असतात, 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जमणारा समुदाय असतो. घरच्या बाईचे सगळे जग मात्र चाळीत असते. शेजारीण, विहारातले महिला मंडळ, भिशी, बाळंतपणात धावून आलेली मावशी, आणि मुख्य म्हणजे नातवंडे. नव्या गावात नवरा सकाळी फिरायला जातो, कट्ट्यावर चार निवृत्त माणसे जोडतो, वाचनालयात बसतो. ती मात्र नळाची वाट पाहत घरात बसते. तिला न विचारता घेतलेल्या घरात दोघेही सुखी राहत नाहीत. कुणी म्हणेल, तिलाही व्याख्यानाला न्यावे. जरूर न्यावे! पण आधी त्या वस्तीत महिला मंडळ आहे का, चालत जाता येईल असे विहार आहे का, हे तिने स्वतः पाहिले पाहिजे.

मुलांपासून अंतर हाही खर्चच आहे. मुंबईहून रेल्वेने सहा-सात तास. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली. एसटीत 65 ते 75 वयाला अर्धे तिकीट, ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढे मोफत, आणि मार्च 2023 पासून बायांना अर्धे तिकीट आहे, पण रात्रभर एसटीत बसायला कंबर हवी. नातू दहावीनंतर आजोबांकडे राहून शिकेल, हा हिशेब पुष्कळजण मांडतात. तो खरा ठरला तर या बेताइतका चांगला बेत नाही, होस्टेलचा खर्च वाचतो आणि पोराच्या डोक्यावर कुणीतरी असते. पण नातवाला काय शिकायचे आहे आणि कुठे, हे अजून कुणी विचारलेले नसते.

बदली कागदांची काळजी मात्र पूर्वीसारखी राहिली नाही. जानेवारी 2025 पासून ईपीएसचे पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेत घेता येते, पेन्शनचे कागद इकडून तिकडे न्यावे लागत नाहीत. वर्षातून एकदा हयातीचा दाखला तेवढा द्यावा लागतो.

माझे मत विचाराल तर ज्यांची मुले मराठवाड्यातच नोकरीला आहेत, किंवा ज्यांना मुलेच नाहीत, त्यांनी हा विचार जरूर करावा. ज्यांची सगळी मुले-नातवंडे मुंबईत आहेत त्यांनी घाई करू नये. आणि कुणीही आल्या-आल्या घर विकत घेऊ नये. आधी बेगमपुऱ्यात किंवा भीमनगरात दोन महिने भाड्याने खोली घ्यावी, आणि ते दोन महिने एप्रिल-मेचे असावेत. कॉलेजे बंद, पोरे गावी गेलेली, नळ आटलेला, ऊन भाजणारे. तेव्हा दोघांनी बसून ठरवावे. त्या दोन महिन्यांत टँकरला किती गेले, मुंबईच्या किती फेऱ्या झाल्या, घाटीत किती वेळ बसावे लागले, हे एका वहीत लिहून ठेवावे, आणि फंडाचे पैसे तोवर बँकेतच राहू द्यावेत.