फिरता आहेर

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आष्ट्यात आणि आसपासच्या गावांत लग्नांची रांग लागते. बस्ता बांधायला सांगली-कोल्हापूरच्या वाऱ्या होतात. मानाच्या साड्यांची यादी दोनदा खोडली जाते आणि तिसऱ्यांदा लांबते. नेमका याच धांदलीत 24 एप्रिल येतो आणि जातो. कापडखरेदीत बुडालेल्या गावाने निदान या दिवशी बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर या ठिकाणाकडे एकदा पाहावे.

2013 साली याच दिवशी तिथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद झाली, वरच्या शिलाई कारखान्यांतल्या बायाबापड्यांना मात्र सकाळी कामावर बोलावण्यात आले. 1134 माणसे दगावली. त्यांच्या हातांतले कपडे युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत जायचे होते. ऑर्डर वेळेत पोचायची होती आणि दर आधीच पिळून ठरलेला होता. झटपट फॅशन या धंद्याचे गणित एवढेच आहे: दर पंधरवड्याला नवा माल, तोही असा स्वस्त की घेणाऱ्याने फार विचार करू नये.

हा विषय निघाला की आपल्याकडे बोट पोरापोरींकडे वळते. झुडिओत जातात, मोबाइलवरून मागवतात, दोनदा घालून टाकून देतात. तक्रार खोटी नाही, पण ती करणाऱ्या थोरामोठ्यांनी घरचे कपाट उघडावे. त्यात टॉवेल-टोप्या आहेत, पाऊण मीटरचे ब्लाउज पीस आहेत, घडी न मोडलेल्या सुरती साड्या आहेत. या साड्या अंगावर घ्यायच्या नसतात, हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. मामीने दिलेली आत्याकडे जाते, आत्याकडून विहिणीकडे, आणि कधी तरी फिरत फिरत मूळ घरी येते. घडीवर जुन्या लग्नातली चिठ्ठी राहून गेली की दोन दिवस भावकीत हशा होतो, तेवढीच काय ती करमणूक! न वापरण्यासाठीच कापड तयार करण्याची कला आम्ही झुडिओच्या कितीतरी आधी आत्मसात केली होती. आता तिच्यात हळदीचे पिवळे कुर्ते आले, अख्ख्या भावकीला एकाच रंगाचे. हळद उतरली की त्यांचे काम संपले.

हे कापड येते कुठून? साड्या सुरतेच्या असतील, पण कोऱ्या कापडाचा मोठा बाजार आपल्या शेजारी इचलकरंजीतच आहे. 1904 मध्ये नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठिंब्याने विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला यंत्रमाग लावला. पुढे घराघरांत खटखट सुरू झाली. आज तिथले कितीतरी यंत्रमागधारक ‘खर्चीवाले’ आहेत. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे, यांनी फक्त विणून द्यायचे आणि पिकाप्रमाणे, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीनुसार, मजुरी घ्यायची. त्यांच्या हाताखाली माग चालवणारा कामगार बारा-बारा तास उभा असतो. राणा प्लाझा पडली त्याच 2013 च्या सुरुवातीला इचलकरंजीतले कामगार मजुरीवाढीसाठी दीर्घ संपावर गेले होते. आहेरातली साडी शंभर-दोनशे रुपयांत मिळते तेव्हा त्या दरात कुणाची तरी मजुरी कापलेली असते. ती बांगलादेशातच कापली जाते असे मानायचे कारण नाही.

पाण्याची गोष्ट तर आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेली आहे. इचलकरंजी पंचगंगेच्या काठी. रंगाई-धुलाईच्या कारखान्यांचे पाणी, गावोगावचा मैला, साखर कारखान्यांची मळी, सगळे त्या नदीने पोटात घेतले. 2012 च्या उन्हाळ्यात शहरात काविळीची साथ आली आणि माणसे गेली. त्या साथीचे खापर एकट्या कापड धंद्यावर फोडणे अन्यायाचे होईल, पिण्याच्या पाण्यात मैला मिसळणे हा कारभाराचा गुन्हा होता. पण नदीकाठी असूनही शहराला दुसऱ्या नदीकडे पाहावे लागले, हे खरे. वारणेचे पाणी दानोळीहून न्यायची योजना निघाली, वारणाकाठ पेटून उठला आणि ती अडली. मग दूधगंगेवर सुळकूडची योजना आली, तर तिथले गावकरी विरोधात उभे राहिले. वारणा आपल्या वाळवा तालुक्याच्या कडेने वाहते. उसाच्या एका पाळीसाठी भांडणाऱ्या या तालुक्याला पाण्याचा हिशेब शिकवायला नको. तरी सांगून ठेवतो: एका सुती टी-शर्टामागे, कापसाच्या शेतापासून धरले तर, सुमारे 2700 लिटर पाणी जाते असा जागतिक अंदाज आहे.

स्वस्त कापडाला नुसत्या शिव्या देणे मात्र आम्हाला जमणार नाही. ठिगळ लावलेल्या चोळीवर आणि एका धोतरावर वर्ष काढलेली पिढी अजून आपल्यात आहे. शाळेत फाटक्या चड्डीची लाज वाटलेल्या माणसाला विचारा, स्वस्त कापडाने काय दिले ते. ऊसतोडणीला आलेल्या कुटुंबातल्या मुलीला आठवड्याच्या बाजारात नवा फ्रॉक परवडतो, यात वाईट काही नाही. तिच्या फ्रॉकवर अग्रलेख लिहिणाऱ्याने आपल्या घरच्या बस्त्याची यादी आधी वाचावी.

जुन्या कपड्याचे काय करायचे हे आपल्याला माहीत होते. नऊवारी विरली की तिची वाकळ व्हायची, वाकळ विरली की पोतेरे. आष्ट्याचा भावई उत्सव चौंडेश्वरीचा, आणि चौंडेश्वरी ही देवांग कोष्ट्यांची, म्हणजे विणकरांची कुलदेवता. कापडाची किंमत या गावाला कळत नव्हती असे कोण म्हणेल? पण सुती लुगड्याची वाकळ उबदार होते, सुरती साडीची निसरडी होते आणि घाम टिपत नाही. जगात तयार होणाऱ्या धाग्यात निम्म्याहून अधिक वाटा आता पॉलिएस्टरचा आहे. ते खनिज तेलातून येते आणि कुजत नाही. म्हणून ते कालव्याच्या कडेला अडकते, नाहीतर उकिरड्यावर धुमसते.

यावर उतारा परदेशातून आणायला नको. फ्रान्सने न खपलेले कपडे नष्ट करण्यावर कायद्याने बंदी घातली, ते चांगलेच केले. पण आपल्याच मातीत, 1942 नंतरच्या प्रतिसरकारच्या काळात, क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी गावोगाव गांधी विवाह लावत होते. हुंडा नाही, मानपान नाही, अंगावर खादी, खर्च मोजका. त्या सहकाऱ्यांपैकी जी. डी. बापू लाड यांचे लग्न कुंडलला असेच लागले. ब्रिटिश सरकारशी लढणाऱ्या माणसांना विहिणीच्या साडीशीही लढावे लागले, आणि त्यांनी ती लढाई कमी प्रतीची मानली नाही. ज्या घरांच्या भिंतींवर आज त्यांच्या तसबिरी आहेत, त्याच घरांत आज आहेराचे गठ्ठे बांधले जातात.

पत्रिकेवर ‘आहेर आणू नयेत’ छापणारी घरे वाढली आहेत. यजमान ओळ छापतात आणि मांडवात स्वतः मात्र पावण्यांना टॉवेल-टोपी देतात, कारण भावकी काय म्हणेल! तेव्हा सुरुवात देणाऱ्या घराने करावी. पन्नास साड्यांऐवजी नेसता येतील अशा पाच सुती साड्या घ्याव्यात, त्याही ज्या बाया खरोखर नेसतील त्यांना विचारून. उरलेल्या पैशांत वाकळ शिवणाऱ्या एखाद्या बाईला काम द्यावे. नगरपरिषदेनेही घंटागाडीत कापडासाठी वेगळा कप्पा ठेवावा. आणि ज्यांच्या घरी येत्या वैशाखात लग्न आहे, त्यांनी बस्त्याची यादी तिसऱ्यांदा लांबवण्याआधी ती नवऱ्या मुलीच्या हाती द्यावी. कोणती साडी कोण नेसणार आणि कोणती नुसती फिरणार, हे तिला बरोबर माहीत असते.