पाच वर्षे, अधिक नव्हे

जबलपूरचे नाव निघाले की राज्यघटनेच्या अभ्यासकाला २८ एप्रिल १९७६ चा निकाल आठवतो. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्या नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ठरवले, न्या. खन्ना एकटे वेगळे राहिले. त्याच शहराच्या वाट्याला त्याच वर्षी आलेली दुसरी घटना मात्र फारशी सांगितली जात नाही. प्रातिनिधिक शासन म्हणजे काय, हे तिच्यातून अधिक स्वच्छ कळते.

घटना समितीचे सदस्य राहिलेले सेठ गोविंददास १९७४ मध्ये निवर्तले. जबलपूरच्या पोटनिवडणुकीत विरोधकांचे संयुक्त उमेदवार म्हणून सत्ताविशीतले शरद यादव निवडून आले. पुढे आणीबाणी लागू झाली आणि ते मिसाखाली तुरुंगात गेले. पाचव्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. संसदेने कायदा करून ती वर्षभर वाढवली. यादव यांनी तुरुंगातून राजीनामा दिला. बिहारमधील बांका येथून निवडून आलेले, मूळचे पुण्याचे मधू लिमये यांनीही तेच केले. तेही स्थानबद्धच होते. मतदारांनी आपल्याला पाच वर्षांसाठी पाठवले आहे, सहाव्या वर्षाचा अधिकार आपल्याकडे नाही, अशी त्यांची भूमिका होती.

ही मुदतवाढ बेकायदा नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल. अनुच्छेद ८३ लोकसभेला पाच वर्षे देतो, ‘अधिक नव्हे’ असे स्पष्ट बजावतो, आणि लगेच आणीबाणीत एका वेळी एक वर्षाच्या वाढीची मुभा ठेवतो. तिच्यामागे कारणही होते. दुसऱ्या महायुद्धामुळे १९३५ मध्ये निवडून आलेली ब्रिटिश संसद १९४५ पर्यंत चालली. बॉम्ब पडत असताना मतपेट्या कोण मांडणार? १९७६ च्या भारतात निवडणूक घेणे अशक्य नव्हते, गैरसोयीचे होते. मुखत्याराने स्वतःच्याच सहीने मुखत्यारपत्राची मुदत वाढवावी, तसा हा प्रकार. नोव्हेंबरमध्ये आणखी एक वर्ष वाढले आणि ४२व्या घटनादुरुस्तीने तर सभागृहाचा कार्यकाळच सहा वर्षांचा केला. १९७७ मध्ये जबलपूर आणि बांका येथील मतदारांनी या दोघांना पुन्हा निवडून दिले. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने पाच वर्षे परत आणली. शिवाय ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे कारण हटवून तेथे ‘सशस्त्र बंड’ घातले.

मुदत वाढवण्याचे धाडस त्यानंतर कोणी केलेले नाही. आज पद्धत निराळी आहे: मुदत संपू द्यायची आणि निवडणूकच घ्यायची नाही. महापालिकांनाही घटनेने पाच वर्षांचीच मर्यादा घातली आहे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करण्याचे बंधन आहे. तरी जबलपूर महापालिका २०२० पासून जुलै २०२२ मधील निवडणुकीपर्यंत प्रशासकाच्या हाती राहिली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या मुंबई महापालिकेने तर त्याहूनही मोठा प्रशासकीय काळ पाहिला. आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले खरे होते; पण तुंबलेल्या नाल्याची तक्रार घेऊन महाराजपूरच्या किंवा मानखुर्दच्या रहिवाशाने जावे असा निवडून आलेला माणूसच त्या काळात नव्हता. प्रशासक कार्यक्षम असूही शकतो. त्याला पुन्हा मते मागायला यायचे नसते, एवढाच फरक.

डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेले एकत्रित निवडणुकांचे १२९वे घटनादुरुस्ती विधेयकही कार्यकाळालाच हात घालते. मध्येच विसर्जित झालेल्या सभागृहाच्या जागी येणारे सभागृह केवळ उरलेल्या मुदतीपुरते असेल. एखाद्या राज्याची निवडणूक लोकसभेबरोबर घेता येत नसेल तर ती पुढे ढकलण्याची शिफारस निवडणूक आयोग करू शकेल. वारंवारच्या निवडणुकांचा खर्च आणि आचारसंहितेचा अडथळा हे समर्थकांचे मुद्दे क्षुल्लक नाहीत. मात्र ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला झुकते माप दिले होते, आणि ते उघड सांगितलेही होते. विधेयक ज्या संयुक्त संसदीय समितीकडे गेले, तिच्यापुढचा खरा प्रश्न खर्चाचा नसून हा आहे: साडेतीन वर्षांनी सरकार कोसळलेल्या राज्यातील मतदाराने पुन्हा रांगेत उभे राहून दीड वर्षाचाच प्रतिनिधी का निवडावा, आणि तेवढ्या काळात त्याला जाब तरी कशाचा विचारावा?