कलावंताच्या हातात त्याच्या कराराची प्रत हवी

मा. संचालक,
सांस्कृतिक कार्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य
यांस,

गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडमालकाच्या नावाचा फलक, आत वही आणि पंचांग. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तिथी सांगतात, घासाघीस होते. चैत्र पौर्णिमा किंवा कालाष्टमीची यात्रा असली की एकाच रात्रीसाठी अनेक गावं फड मागतात आणि सुपारी चढत जाते. सौदा जमला की विसार दिला जातो. कागदावर गाव, तारीख, ठरलेली रक्कम आणि राहिलेली बाकी येते.

हा कागद गाव आणि फडमालक यांच्यातला. ज्यांच्या जिवावर खेळ उभा राहतो, त्या नर्तकीचा, ढोलकीवाल्याचा, सोंगाड्याचा व्यवहार वेगळाच चालतो. पावसाळ्यात खेळ बंद असतात, घर तर चालवायचं असतं. म्हणून मालकाकडून उचल घ्यायची आणि दसऱ्यानंतर हंगामभर ती फेडत राहायचं. उचलीची नोंद कधी मालकाच्या वहीत असते, कधी स्टॅम्प पेपरवर. कलावंताकडे तिची प्रत बहुधा नसते. किती फिटली, किती उरली, हे समोरचा सांगेल ते.

तोंडी कराराला कायद्यात किंमत आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ तोंडी करारही मानतो; अडतं ते तो सिद्ध करताना. ज्याच्याकडे वही, त्याचा शब्द खरा ठरतो. मालकांनाही दोष देऊन भागणार नाही. ट्रक, तंबू, लाइट, रोजचं जेवण यांचा खर्च त्यांच्या डोक्यावर असतो आणि उचल घेऊन कलावंत निघून गेला तर अख्खा फड अडकतो. स्पष्ट कागद दोघांनाही हवा आहे.

या कागदात काय चालतं आणि काय चालत नाही, हे कलावंताला कुणीतरी सांगायला हवं. हंगाम संपेपर्यंत दुसऱ्या फडात जाणार नाही, ही अट एका मर्यादेत समजण्यासारखी आहे. करार संपल्यानंतरही बांधून ठेवणारी अट मात्र करार अधिनियमाच्या कलम २७ खाली टिकत नाही. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याचं व्यवस्थापन पाहणारी कंपनी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच सांगितलं. आणि उचल फिटेपर्यंत दुसरीकडे काम करण्याचं स्वातंत्र्यच कुणी हिरावून घेत असेल, तर वेठबिगारी बंद करणारा १९७६चा कायदा आहेच.

आठवा २०२०चा पाडवा. २५ मार्च, देशभर टाळेबंदीचा पहिला दिवस. राहुट्यांच्या ऐन मोसमात यात्रा रद्द झाल्या. करार पार पाडणं अशक्य झालं तर तो रद्द होतो आणि घेतलेला लाभ परत करावा लागतो, असं कलमं ५६ आणि ६५ सांगतात. पण विसाराचे पैसे फडाच्या तयारीत नाहीतर कुणाच्या उचलीत आधीच गेलेले असतील तर? गावाने किती सोडायचं, मालकाने किती सोसायचं, कलावंताच्या बुडालेल्या रोजाचं काय, याचं उत्तर आधी लिहून ठेवलेल्या दोन ओळींत मिळालं असतं. साथ, पाऊस, आचारसंहिता, गावातलं भांडण: खेळ रद्द होण्याची कारणं काही नवी नाहीत.

आता मोबाइल आला आहे. पहिल्या रांगेतून लावणी चित्रित होते आणि सकाळपर्यंत यूट्यूबवर जाते. कॉपीराइट कायद्यातल्या १९९४च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला स्वतःचा हक्क दिला आहे. तो ५० वर्षं टिकतो. गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर गारुडी आणि डोंबारीही त्या व्याख्येत बसतात. २०१२च्या दुरुस्तीने सादरीकरणासोबत नाव लागण्याचा आणि त्याची मोडतोड रोखण्याचा हक्कही मिळाला. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच छापील फॉर्मवरचे ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे दोन शब्द सही करण्याआधी मोठ्याने वाचून दाखवले पाहिजेत. नऊवारी नेसून, पाच किलोचे चाळ बांधून बोर्डावर उभ्या राहणाऱ्या बाईला हे माहीतच नसेल, तर तिच्या नाचावर कमाई दुसऱ्याचीच होत राहणार.

संचालनालय तमाशा महोत्सव भरवतं, फडांना अनुदान देतं, विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. या सगळ्याचं मोल आहेच. पण उतारवयात मानधनाचा अर्ज करताना त्याच कलावंताकडे कलासेवेचे पुरावे मागितले जातात. चाळीस वर्षं नाचलेल्या बाईने ते आणायचे कुठून? दर हंगामाच्या कराराची प्रत तिच्याकडे असती, तर तोच पुरावा झाला असता.

तेव्हा विनंती अशी. सुपारीचा आणि उचलीचा असे दोन नमुना करारनामे सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावेत. उचलीच्या कागदावर दरमहा फेडीचा तक्ता असावा, चित्रीकरणाच्या परवानगीसाठी वेगळा रकाना आणि वेगळी सही असावी. अनुदान मागणाऱ्या फडाकडून कलावंतांना प्रती दिल्याची पोच घ्यावी. आणि येत्या पाडव्याला नारायणगावात राहुट्यांच्या रांगेतच एक टेबल मांडून, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतीने, कागद वाचून सांगणारा माणूस तिथे बसवावा. सही करण्याआधी विचारायला तेवढी जागा मिळाली, तरी या हंगामापासून सुरुवात होईल.

कळावे,
एक तमाशाप्रेमी